कंबर धरली आणि तोल सुटला

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आगारात १५ वर्षं एसटी वाहक म्हणून नोकरी करतात. घर माळकरी. दोन वर्षांपूर्वी कळशी उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. आठवड्याभरात उतार पडला, पण तेव्हापासून कंबर अधूनमधून धरते. एक्स-रे पाहून त्यांना सांगण्यात आलं, ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नका, पट्टा लावा.’ आता दुखण्यापेक्षा त्यांना तोलाची धास्ती जास्त आहे. ‘पूर्वी घाटातसुद्धा कशाला न धरता तिकिटं द्यायचे. आता साधा गतिरोधक आला तरी अंग एका बाजूला जातं. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या अंगावर पडले. त्या दिवसापासून पट्टा घट्ट आवळून आणि अंग ताठ धरून उभी राहते, तरी डगमगतेच. घरचे म्हणतात नोकरी सोड. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे. माझा मणका खिळखिळा झालाय का? तो घट्ट व्हायला काय करू?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आजोबांपाशी थांबले. ते ‘असू दे बाळा’ म्हणाले, तरी पुढचे तीन थांबे तुम्ही मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून कंबरदुखीची गाऱ्हाणी मी रोज ऐकते. तोल गेल्याची लाज दुखण्यापेक्षाही आत सलत राहते, पण हे फार थोडे जण बोलून दाखवतात. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

कंबर दुखणं आणि तोल जाणं यांचा तुम्ही लावलेला संबंध खरा आहे. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पण त्या संबंधाचं जे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहे, ते मला थोडं हलवावंसं वाटतं. मणका खिळखिळा झाला, म्हणून अंग डगमगतं, म्हणून तो आवळून धरायचा, असा तुमचा हिशोब आहे. मला पत्रातून उलटं दिसतंय. तुम्ही स्वतःला आवळून धरताय आणि त्यामुळे गाडीत सावरणं अवघड होत चाललंय.

आधी त्या ‘गॅप’चं बघू, कारण या एका शब्दाने आपल्याकडे किती बायकांनी खाली बसणं सोडलं याची गणती नाही. दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी. तिथे चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. साध्या एक्स-रेत चकती उमटत नाही, म्हणून ती जागा रिकामी दिसते. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं आणि जागा थोडी चेपते. बहुतेक वेळा बोलण्यातला ‘गॅप’ म्हणजे एवढंच असतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र मांडल्या गेल्या. तेव्हा चाळिशीला पोचलेल्यांपैकी ६८ टक्के आणि पन्नाशीच्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ती सगळी माणसं व्यवस्थित हिंडत-फिरत होती. एखाद्याचा मणका खरंच पुढे सरकलेला असतो, नाही असं नाही. तशी शंका असली की पुढे वाकवून आणि मागे झुकवून वेगळे एक्स-रे काढतात. तुम्ही रिपोर्टच्या ज्या ओळी उतरवून पाठवल्यात, त्यात तसं काहीही नाही.

आता मणका उभा कशाच्या जोरावर राहतो ते सांगते. कोकणात शिडाची होडी पाहिली असेल. तिच्या मधल्या उंच खांबाला डोलकाठी म्हणतात. नुसती रोवली तर ती पहिल्याच वाऱ्यात मोडेल. ती टिकते तिला चहूबाजूंनी बांधलेल्या दोरांवर, आणि वारा फिरेल तसा दोर कुठे आवळायचा, कुठे सैल सोडायचा हे जाणणाऱ्या माणसावर. आपला कणा तसाच आहे. स्नायू काढून नुसती हाडं, चकत्या आणि त्यांना बांधणारे पट्टे ठेवले, तर कमरेचा कणा साधारण ९० न्यूटन भारालाच, म्हणजे नऊएक किलो वजनालाच बाक येऊन लवतो, असं १९९२ मध्ये प्रयोगात मोजलं गेलं. एका लहान कळशीएवढा हा भार. तुमचं निव्वळ धड त्याच्या कितीतरी पट जड आहे. त्याच वर्षी येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी मांडलं की कण्याच्या स्थैर्याला तिघं लागतात: हाडं-चकत्यांचा सांगाडा, स्नायू, आणि त्या दोघांवर नजर ठेवणारी चेतासंस्था. एकाचं काम ढिलं पडलं तर बाकीचे दोघं ते उचलून धरू शकतात. म्हणजे चकती झिजली म्हणून कणा डगमगलाच पाहिजे असं नाही. दोर आणि दोर धरणारा, दोघंही अजून आहेतच.

या दोर धरणाऱ्याकडे जरा थांबू, कारण तुमची अडचण मला तिथेच दिसते.

पंधरा वर्षं तुम्ही घाटात कशा उभ्या राहिलात, आठवून बघा. गिअर उतरल्याचा आवाज आला की वळण आलं हे कानाला कळायचं आणि तुम्ही मनात काही म्हणायच्या आत कंबर दुसऱ्या बाजूला झुकलेली असायची. शरीर पुढचा धक्का ओळखून आधीच तयारी करतं. साधा हात वर करायचा झाला तरी पोटाचा सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा गुंडाळलेला स्नायू हाताच्या स्नायूच्या आधी कामाला लागतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की कंबरदुखी असलेल्यांत हा स्नायू उशिरा जागा होतो. पुढे त्यांनी धडधाकट माणसांच्या कमरेत खारट पाणी टोचून मुद्दाम तात्पुरती कळ आणली, तर त्यांच्याही स्नायूंची रीत बदलली. म्हणजे रीत बिघडवायला नुसती कळ पुरते, मणका मोडावा लागत नाही.

‘उसण तर आठवड्यात बरी झाली होती,’ असं तुम्ही लिहिलंय. दुखणं बरं झालं. पण कण्याला चिकटून असलेला एक खोलवरचा स्नायू असतो, मल्टिफिडस नावाचा. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांची सोनोग्राफी केली, तेव्हा दुखण्याच्या बाजूला तो बारीक झालेला दिसला, आणि कळ थांबल्यावरही दहा आठवड्यांपर्यंत आपला आपण भरून आला नव्हता. ज्यांना त्याचा व्यायाम शिकवला, त्यांच्यापैकी वर्षभरात ३० टक्के लोकांची कंबर पुन्हा धरली; ज्यांना शिकवला नाही, त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांची. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण ‘बरं वाटलं म्हणजे संपलं’ हा आपला नेहमीचा समज तिथे खोटा पडतो.

तुमच्या कामाशी सगळ्यात जवळची गोष्ट मात्र बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या प्रयोगांची आहे. आपण कुठे झुकलोय याची खबर मेंदूला डोळे, कान, घोटे, कंबर अशी सगळीकडून येते. जमीन घट्ट असली की घोट्यांची खबर भरवशाची. जमीन मऊ किंवा हलती असली की मेंदू घोट्यांवर कमी विसंबतो आणि कमरेची खबर जास्त धरतो. कंबरदुखीच्या लोकांत हा बदल नीट होत नाही, ते घोट्यांनाच धरून बसतात. आता तुमच्या गाडीचा पत्रा डोळ्यांपुढे आणा. तो सतत हलतोय, कलतोय, हादरतोय. तिथे घोटे खरं काय सांगणार? म्हणून घरी ओट्यापाशी तुम्हाला काही होत नाही आणि गाडीत होतं. ‘घरी ठणठणीत, गाडीत पडते, हे ढोंग वाटतं लोकांना,’ असं तुम्ही लिहिलंय. ढोंग नाही ताई. दोन ठिकाणी शरीराकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात.

त्यात ताठ धरणं आलं. धक्का बसल्यावर सावरायला कमरेतून आणि खुब्यातून चटकन हलावं लागतं. पट्टा आवळून, श्वास कोंडून, गुडघे मागे रेटून उभं राहिलं की ते हलणंच बंद होतं आणि माणूस अख्खाच्या अख्खा कलंडतो. भीतीपोटी असं होणं अगदी साहजिक आहे. पण ‘मणका घट्ट व्हायला काय करू’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘घट्ट नको’ हेच आहे.

मात्र व्यायामाला लागण्याआधी काही गोष्टींची खातरजमा करा. तुमच्यासारखा त्रास असलेल्या इतर वाचकांनीही करा. तुम्ही रात्री जी नसांची गोळी घेता, ती प्रीगॅबालिन आहे. तिने गुंगी येते आणि तोलही जाऊ शकतो. तुमची पहाटेची ड्यूटी असते तेव्हा त्रास जास्त होतो, असं पत्रात आहे. गोळीच्या वेळेशी त्याचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका, ती हळूहळू उतरवावी लागते. दुसरं, जीवनसत्त्व ब-१२. माळकरी घरात मांस-मासे-अंडी नाहीत, दूधही अनेकदा चहापुरतंच, त्यामुळे ते कमी असणं अगदी शक्य आहे. ते फार कमी झालं की पायांकडून मेंदूला जाणारी खबर मंदावते. त्याची एक खूण घरीच कळते: तोंडाला साबण लावून बेसिनपाशी डोळे मिटले की तोल जातो, कारण डोळ्यांचा आधार गेलेला असतो. पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात. असं होत असेल तर रक्त तपासून घ्या. मधुमेह आहे का तेही त्याच वेळी कळेल.

तिसरं, चिल्लर मोजताना किंवा मशिनची बटणं दाबताना बोटं अडखळायला लागली आहेत का? तसं असेल तर कंबर सोडून मानेची तपासणी आधी व्हायला हवी. घर फिरल्यासारखं वाटत असेल तर ती चक्कर झाली, तिच्यासाठी कान आणि रक्तदाब बघावा लागेल. आणि लघवी अडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

हे सगळं ठीक निघालं तर पट्ट्यापासून सुरुवात करा. मी पट्टा फेकून द्या म्हणणार नाही. कंबर फार धरलेल्या दिवशी त्याने धीर येतो, आणि धीर लागतोच. पण १२-१२ तास नको. पहिल्या आठवड्यात घरी पोचल्यावर काढा, दुसऱ्यात परतीच्या फेरीत सपाट रस्त्यावर काढून पाहा, आणि असं हळूहळू कमी करत न्या.

गाडीत पावलं एका रेषेत जवळ ठेवू नका. एक पुढे, एक मागे आणि थोडं बाजूला, तिरकी ठेवा. गुडघे किंचित मोकळे. तिकीट द्यायला कमरेतून पिळून वळू नका, पाऊल उचलून वळा. आणि एक लहानशी युक्ती सांगते, जी मला स्वतःला फार आवडते. मशीन नसलेल्या हाताचं एक बोट सीटच्या पाठीला नुसतं टेकवा. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात १९९४ मध्ये दिसलं की १०० ग्रॅमहून कमी भाराचा बोटाचा स्पर्शसुद्धा उभ्या माणसाचं डोलणं बरंच कमी करतो. एवढ्याशा दाबाने अंग तोलून धरता येत नाही. पण आपण कुठे झुकलोय याची पक्की खबर त्या बोटातून मेंदूला पोचते. घाटात आणि गर्दीत मात्र बोटावर भागवू नका, सरळ दांडा धरा. पूर्वी धरत नव्हतात म्हणून आता धरणं कमीपणाचं नाही.

घरी रोज वीस मिनिटं काढा. पहाटेची ड्यूटी असेल तर संध्याकाळी. ओट्याला पाठ लावून नाही, ओट्याकडे तोंड करून एका पायावर उभ्या राहा, हात ओट्याच्या वर पण न टेकता. डावा आणि उजवा पाय, दोन्हीचे सेकंद मोजा. दुखऱ्या बाजूचा आकडा बहुधा कमी निघेल, घाबरू नका. तो ३० सेकंदांपर्यंत आला की गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर तेच करा. ही गोधडी म्हणजे तुमचा गाडीचा पत्रा. तिच्यावर घोटे फसतात आणि कमरेला कामाला लागावंच लागतं. सुरुवातीला डोलाल, पाय टेकवावा लागेल, आणि ते तसंच व्हायला हवं, शिकणं त्या डोलण्यातच होतं. पुढे गोधडीवर उभ्या राहून मुलीला चेंडू टाकायला सांगा, तोही आधी न सांगता, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. डोळे मिटून करायचं असेल तर फक्त भिंतीच्या कोपऱ्यात आणि कुणीतरी शेजारी असताना.

मग फरशीवर या. हात-गुडघे टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करा, पाच-सहा सावकाश श्वास थांबा, मग दुसरी बाजू. पाठीवर निजून, गुडघे मुडपून कंबर उचलणं हे तुम्हाला सेतुबंधासन म्हणून माहीत असेल. दोन्ही करताना श्वास चालू राहिला पाहिजे. तो अडकला म्हणजे तुम्ही पुन्हा आवळायला लागलात. पोट आत ओढून दिवसभर हिंडायचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो माझ्या मते सोडून द्यावा. ठरावीक स्नायूंचे खास व्यायाम आणि इतर नियमित व्यायाम यांची तुलना करणाऱ्या २०१६ च्या मोठ्या आढाव्यात खास व्यायाम सरस ठरले नाहीत. जो तुम्ही रोज कराल तो चांगला. म्हणूनच चालणंही त्यात धरा. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास २०२४ मध्ये आला. ठरवून हळूहळू चालणं वाढवलेल्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, चालण्याचा असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, एवढंच ध्येय होतं. थांब्यावर चढणं-उतरणं त्यात मोजू नका.

वाकायचं नाही, हा नियम मी तुमच्यावरून उठवते. आधी रिकामी कळशी, खुब्यातून वाकून, ओझं अंगाशी धरून. पुढच्या आठवड्यात तांब्याभर पाणी, मग अर्धी. थोडं दुखेल. काम झाल्यावर रात्रीपर्यंत उतरलं आणि दुसऱ्या दिवशी जास्त नसलं, तर ते चालून जाणारं दुखणं आहे. दोन दिवस रेंगाळलं तर एक पायरी मागे या.

राहिला नोकरीचा प्रश्न. घरच्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, ते तुमच्या जिवाला घाबरले आहेत. पण आज निर्णय घेतलात तर तो त्या आजोबांच्या अंगावर पडलेल्या दिवसाचा निर्णय होईल. बारा आठवडे थांबा. तेवढ्यात डॉक्टरांचं पत्र घेऊन आगारात भेटा आणि काही दिवस घाटाऐवजी सपाट रस्त्याची फेरी मिळते का ते विचारा. बारा आठवडे मनापासून करूनही गाडीत सावरत नसेल, तर बैठं काम मागायला लाजू नका. तो पर्याय तेव्हाही राहील. आणि नोकरी सोडली तर कंबर आपोआप बरी होईल, हे मात्र गृहीत धरू नका. घरी बसून, जपून जपून हलणाऱ्या बायकांचा तोल आणखी ढासळलेला मी पाहिला आहे. हेलसिंकीत १९९५ मध्ये अचानक कंबर धरलेल्यांची पाहणी झाली होती. त्यातही झोपून राहिलेल्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करणारे लवकर बरे झाले.

मुलगी नर्सिंग शिकतेय, तिला यात घ्या. तिला वहीत तारीख, डाव्या पायाचे सेकंद, उजव्या पायाचे सेकंद लिहायला सांगा. गोधडीवरचे वेगळ्या रकान्यात. सहा आठवड्यांनी त्या पानाचा फोटो मला पाठवा. सोबत गोळीबद्दल डॉक्टर काय म्हणाले आणि ब-१२ चा आकडा किती आला, तेही लिहा.